दुसरं तिरकिट येईपर्यंत

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आधी थोडक्यात देते. वय छत्तीस, हिंजवडीत नोकरी, घरी सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. दिवसभराच्या धावपळीत स्वतःसाठी काहीतरी असावं म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी शास्त्रीय गाणं शिकायला सुरुवात केली. आता रोज पंचेचाळीस मिनिटांचा रियाज मोबाइलवर टायमर लावून होतो. किती पलटे (सुरांचे सरावाचे क्रम) झाले, कुठला राग किती दिवसांत ‘संपला’, याचा तक्ता आहे. कंपनीच्या बसमध्ये मोठ्या गायकांची रेकॉर्डिंग्ज दीडपट वेगाने ऐकतात, म्हणजे जास्त ऐकून होतं. अकरा राग झाले, ‘प्रवेशिका पूर्ण’ या गाण्याच्या परीक्षेचा फॉर्म भरला. आणि मग लिहितात: ‘ताई, षड्ज (सा) लावला की उद्याची मीटिंग आठवते. ज्या आनंदासाठी आले तो कुठेच नाही. गाणंसुद्धा ऑफिससारखं झालं. क्लास बंद करू का?’

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. क्लास बंद करू नका. तक्ता मात्र आजच काढून टाका. मी सांगलीत सव्वीस वर्षं गाणं शिकवते आहे. असा प्रश्न पूर्वी वर्षातून एखाद्याकडून यायचा, आता जवळजवळ प्रत्येक नोकरदार विद्यार्थी कधी ना कधी विचारतो. म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रातली दीडपट वेगाची गोष्ट मला फार लागली. तुम्ही म्हणाल, सूर तर बदलत नाही, ॲप तो तसाच ठेवतं. खरं आहे, पट्टी बदलत नाही. पण विलंबित ख्यालात, म्हणजे संथ लयीतल्या गायनात, गायक जे मांडत असतो ते सुरांच्या मधल्या जागेत असतं. अतिविलंबित एकतालात एक मात्रा, म्हणजे तालाचा एक ठोका, चार-पाच सेकंदांची असते. बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण ते एक मिनिट चालतं. त्या मिनिटात गायक एका निषादावर (नी) उभा राहतो, तिथून षड्जाकडे बघतो, जात नाही, परत धैवतावर (ध) उतरतो, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होते की आता षड्ज लागेल ना. दीडपट वेगात ते आवर्तन चाळीस सेकंदांत आटोपतं. षड्ज येतो, पण त्याची वाट बघायला तुम्हाला वेळच मिळालेला नसतो. रुजलेलं बी रोज उकरून बघितलं तर रोप येत नाही, तसं काहीसं. चाळीस मिनिटांचा ख्याल तुम्ही सत्तावीस मिनिटांत ऐकलात, तेरा मिनिटं वाचली, आणि नेमका ख्यालच त्या तेरा मिनिटांत गेला.

एकतालाचा ठेका (तबल्याचे ठरलेले बोल) तुम्हाला तोंडपाठ आहे: धिं धिं धागे तिरकिट तू ना, क त्ता धागे तिरकिट धी ना. यात तिरकिट दोनदा येतं, चौथ्या मात्रेवर आणि दहाव्या. विलंबितात नवा विद्यार्थी हमखास इथे फसतो. पहिलं तिरकिट ऐकलं की त्याला वाटतं सम (आवर्तनाची पहिली मात्रा) जवळ आली, आणि तो घाईघाईने मुखडा (बंदिशीची समेवर नेणारी ओळ) उचलतो. तबलजी बिचारा अजून तू ना वरच असतो. हे वर्गात मी शेकडो वेळा बघितलं आहे, आणि चूक मोजण्यातली नसते. ज्याला बारापर्यंत बिनचूक मोजता येतं तोही चुकतो. कारण मधल्या रिकाम्या जागेची भीती वाटते. एवढा वेळ काय करू, पुढे काय गाऊ, असं होतं आणि माणूस आधार दिसेल तिथे उडी मारतो. ज्या दिवशी विद्यार्थी पहिलं तिरकिट शांतपणे जाऊ देतो, तू ना क त्ता मध्ये एकच सूर धरून राहतो, आणि दुसरं तिरकिट ऐकल्यावर अलगद मुखडा घेऊन समेवर येतो, त्या दिवशी त्याचा चेहराच वेगळा असतो. मला शिकवण्यातला सगळ्यात मोठा आनंद तो चेहरा बघण्यात मिळतो.

तुमचा दिवस मला पहिल्या तिरकिटावर मुखडा उचलल्यासारखा वाटतो. मीटिंग संपायच्या आत पुढची, जेवण संपायच्या आत डबा धुणं, राग उमगायच्या आत पुढचा राग. यात तुमचा दोष नाही. ऑफिसात वेग लागतो, तिथे तक्ते लागतात, तिथे ते ठेवा. पण गाण्यात जे मोजता येतं, म्हणजे मिनिटं, पलटे, रागांची संख्या, त्यात गाणं नसतं. उलट, अर्धा कान टायमरकडे असला की सूर चढतो. घाईतला सूर वर सरकतो, असं मी वर्गात बघते. तुम्ही स्वतःचं रेकॉर्डिंग तंबोऱ्याबरोबर ऐकून बघा, शेवटच्या पाच मिनिटांत षड्ज कदाचित किंचित चढा झालेला सापडेल.

मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून ठामपणे लिहिते. एकोणीस वर्षांची असताना माझ्याकडेही एक वही होती. रोज पाच तास. पहाटे खर्ज (खालचे सूर), मग पलटे, मग ताना, दुपारी परत ताना. वहीत तास लिहायचे आणि महिन्याची बेरीज करायचे. एका स्पर्धेसाठी ते पाच तास सात केले. आवाज बसला, तरी गात राहिले, कारण वहीत खाडा पडला असता. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत कॅमेरा घालून बघितलं, तर स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. तीन आठवडे गाणं पूर्ण बंद, बोलणंही गरजेपुरतं. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाण्याच्या बाईंनी निरोप पाठवला की रोजच्या वेळेला ये. मला वाटलं समजूत काढतील. त्यांनी तंबोरा माझ्या मांडीवर दिला आणि म्हणाल्या, इतरांच्या तालमीला तू तंबोरा धर. तीन आठवडे मी तेवढंच केलं. पंचमाची तार (प), जोडाच्या दोन तारा (सा), खर्जाची तार (खालचा सा), परत पंचम. पहिले चार-पाच दिवस वेळ वाया जातोय असं वाटून जीव गुदमरायचा. साधारण आठव्या दिवशी, बाहेर पाऊस होता, बाई एका मुलीला मुलतानी राग सांगत होत्या, आणि मला खर्जाच्या तारेतून गंधार (ग) ऐकू आला. कोणी गात नव्हतं तो. तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. पण खर्ज नीट जुळला की त्याच्या आसेतून, घुमत राहणाऱ्या नादातून, गंधार आपोआप उमटतो, त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. भौतिकशास्त्राच्या भाषेत तो तारेचा पाचवा स्वरांश, मूळ कंपनसंख्येच्या पाचपट. मी पुस्तकात वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. ऐकला त्या दिवशी पहिल्यांदा. तोवर तंबोरा हा माझ्या गाण्यामागे वाजणारा आवाज होता, त्याच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

गाठी विश्रांतीने आणि नंतरच्या आवाजाच्या व्यायामांनी बसल्या. वही मी परत उघडली नाही.

तुम्हाला मी पहिलं काम हेच देणार आहे. तुमच्याकडे मोबाइलवरचा तंबोरा आहे. तो वाईट नाही, प्रवासात मीही वापरते. पण त्यात एक बटण दाबलं की सगळं जुळलेलंच येतं, आणि तुम्हाला नेमकी जुळवण्याची गरज आहे. शक्य असेल तर एक तंबोरा घ्या, जुना चालेल. एखाद्या रविवारी मिरजेला या. सतारमेकर गल्लीत मांडी घालून बसलेले कारागीर बघायला मिळतील, ज्यांच्या घरात दीडशेहून अधिक वर्षं हेच काम चालू आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे सोलापूर जिल्ह्यातून येतात आणि महिनोन्महिने वाळवल्याशिवाय त्यांना हत्यार लागत नाही. ओला भोपळा घाईने जोडला तर पुढे आक्रसतो आणि सांधा सुटतो. तिथे कोणी कारागिराला उद्या देता का असं विचारत नाही.

तंबोरा आला की आधी जुळवायला शिका. खुंट्यांनी तार जवळपास आणायची, मग घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) खालच्या बाजूला असलेला मणी केसभर पुढे-मागे सरकवून नेमकी करायची. त्यानंतर जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद. घोडी आणि तार यांच्या मध्ये एक दोरा असतो. तो बोटाच्या टोकाने अगदी हळू सरकवायचा. सुरुवातीला तार बोदी वाजते, नुसती ठण्ण. दोरा थोडा पुढे, अजून बोदी. अजून किंचित, आणि एका जागी तार अचानक उघडते, तिच्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव सुटतो. दोरा तिथून गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतका जरी पुढे गेला तरी तो गुंजारव जातो. ही जागा डोळ्यांना दिसत नाही आणि कुठे लिहून ठेवता येत नाही, उद्या हवा दमट असेल तर ती बदललेली असेल. रोज नव्याने शोधावी लागते. तुम्हाला सुरुवातीला चार तारांसाठी वीस-पंचवीस मिनिटं लागतील. लागू द्या. तोच तुमचा रियाज आहे, त्याआधीची तयारी समजू नका. एखाद्या दिवशी सगळा वेळ जुळवण्यातच गेला आणि एकही सूर गायला गेला नाही, तर तो दिवस गेला असं मानू नका.

आता तुमची हरकत मला ऐकू येते: वेळ कुठे आहे? मुलाची शाळा, सासूबाईंची औषधं, दोन तासांचा प्रवास. विलंबित म्हणजे भरपूर वेळ असलेल्या लोकांचं काम.

मी तसं मानत नाही, आणि त्याला आमच्या मिरजेतलाच दाखला देते. मोठे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 मध्ये वारले, त्यांची कबर तिथल्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गाण्याची सभा भरते. त्यांच्या काळात रेकॉर्ड म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. रात्रभर गाऊ शकणाऱ्या माणसाला तीन मिनिटांत राग मांडायला सांगितलेला. बरेच गवई त्या तीन मिनिटांत सगळं कोंबत, तान, बोलतान, तराणा. खाँसाहेबांच्या तबकड्या ऐका, त्यांच्या मूळ वेगाने. ते एका सुरावर थांबतात. तीन मिनिटांतले चार सेकंद, पाच सेकंद एका सुरावर खर्च करतात, आणि कुठेही असं वाटत नाही की तबकडी संपत आलीय. वेळ त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा कमी होता. घाई नव्हती. तुमच्याकडे पंचवीस मिनिटं असतील तर पंचवीस मिनिटं बसा, पण त्या पंचवीस मिनिटांत पंचेचाळीस मिनिटांचं काम उरकू नका.

अकरा रागांचं काय करायचं? दहा सोडून द्या. विसरले तरी चालतील, परत भेटतील. एकच ठेवा, आणि माझं ऐकाल तर यमन ठेवा, कारण त्यात चुकायला आणि रमायला दोन्हीला जागा आहे. सहा महिने यमनच. पहिल्या महिन्यात कंटाळा येईल. दुसऱ्या महिन्यात कंटाळा इतका येईल की मला शिव्या द्याल. आनंद या कंटाळ्याच्या पलीकडे आहे आणि तिथे जायला दुसरी वाट मला तरी सापडलेली नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कधीतरी नी रे ग म्हणताना तो गंधार तुम्हाला ओळखीचा वाटेल, शेजारी राहणाऱ्या माणसासारखा. मग त्याला भेटायला बसावंसं वाटेल. तुम्ही ज्या आनंदासाठी गाण्याकडे आलात तो हाच, आणि अकरा ठिकाणी अकरा-अकरा दिवस राहून तो मिळत नाही.

परीक्षेबद्दल मन साफ ठेवा. परीक्षांना नावं ठेवणाऱ्यातली मी नाही. विष्णु दिगंबर पलुसकरबुवांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, अभ्यासक्रम आखले, म्हणून गाणं माझ्यासारख्या कारकुनाच्या घरातल्या मुलीपर्यंत पोचलं. ते आमच्याच कृष्णाकाठचे, कुरुंदवाडचे, आणि शिकले मिरजेत. मी स्वतः विशारद आहे आणि मुलांना परीक्षेला बसवते. पण तुम्हाला गाण्यावर पोट भरायचं नाही. तुम्ही प्रवेशिका पूर्णचा फॉर्म भरला कारण ऑफिसात जसं पुढचं पद दिसतं तशी पुढची परीक्षा दिसली. या सत्राला बसू नका. फी गेली तर गेली. परीक्षा वर्षातून दोनदा होते, ती कुठे पळून जात नाही. दोन वर्षांनी आपणहून बसावंसं वाटलं तर मी स्वतः तयारी करून घेईन.

ऐकण्याबद्दल. बसमध्ये रोज ऐकणं बंद करा. आठवड्यातून एक दिवस, संध्याकाळी उजेड जायच्या वेळेला, खिडकीशी बसून एकच ध्वनिमुद्रण ऐका, मूळ वेगाने, पूर्ण. आपल्या रागांना वेळा आहेत आणि त्यामागे अनुभव आहे. मारवा किंवा पूरिया धनाश्री दिवेलागणीला ऐकलात तर मी काय म्हणते ते कळेल, बाहेरचा प्रकाश आणि तो कोमल रिषभ एकमेकांत मिसळतात. पूर्वी मैफली रात्रभर चालायच्या, उत्तररात्रीचे राग उत्तररात्रीच ऐकायला मिळायचे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्या मंडपात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक सहसा बंद करावा लागतो. झोपणाऱ्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण दरबारी राग त्याच्या वेळेला मंडपात बसून ऐकण्याचं सुख आता दुर्मीळ झालं. म्हणून घरी तरी वेळ पाळा. बसमध्ये मग काय करायचं असं विचाराल. काही नाही. बाहेर बघा. मान दुखत असेल तर मान फिरवा. डुलकी लागली तर झोपा. सुरुवातीचे काही दिवस हात आपोआप मोबाइलकडे जाईल, माझाही जायचा.

एक गोष्ट मात्र सरळ सांगते, कारण तुम्ही धडधडीचा उल्लेख केला नसलात तरी पत्राच्या सुरात ती मला जाणवली. दोन-तीन आठवडे सलग झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, मुलाच्या हसण्यानेसुद्धा काही होत नसेल, छातीत सारखं भरून येत असेल, तर ते तंबोऱ्याने बरं होणारं नाही. डॉक्टरांना दाखवा, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लागलं तर जा. माझ्याकडच्या दोन विद्यार्थिनी गेल्या, त्यांचं गाणं काही थांबलं नाही. आणि घरातली कामं वाटून घेतल्याशिवाय कुठल्याही बाईचा वेग कमी होत नाही, हेही तितकंच खरं. पंचवीस मिनिटं दार लावून बसणार आहे, तोवर दूध उतू गेलं तर दुसऱ्या कोणी गॅस बंद करायचा, हे घरात आधी बोलून घ्या. मी लग्नानंतर हे बोलायला चार वर्षं लावली आणि ती चार वर्षं फुकट गेली.

या आठवड्यात एवढंच करा. टायमर लावू नका. तुमच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ असेल तर त्याच्याकडे पाठ करून बसा, आणि उठायची वेळ झाली की सासूबाईंना किंवा मुलाला हाक मारायला सांगा. माणसाच्या हाकेने उठणं आणि कर्कश बेलने दचकणं यात फार फरक आहे. तंबोरा येईपर्यंत मोबाइलवरचा लावा, पण पहिली दहा मिनिटं गाऊ नका, नुसता ऐका, आणि पंचमानंतर पुढची तार कधी येते याची वाट बघा. मग षड्ज. एका श्वासात जितका सहज टिकेल तितका, किती सेकंद ते बघू नका. श्वास संपला की लगेच पुढचा सूर लावू नका. तोंड मिटा, तंबोऱ्याचं एक आवर्तन जाऊ द्या, आणि आत्ता लागला होता तो षड्ज मनात ऐका. मीटिंग आठवली तर आठवू द्या, तिच्याशी भांडू नका, परत तारेकडे या. पन्नास वेळा जाईल, पन्नास वेळा परत आणा.

आणि तंबोरा घेताना कारागिराकडून जवारीचा जास्तीचा दोरा मागून घ्या. सुती दोरा रोज सरकवून झिजतो. नवा घालायचा झाला की तार जरा सैल करून हळूच मध्ये सरकवायचा, ओढायचा नाही. पहिल्यांदा जमणार नाही. मला व्हिडिओ कॉल करा, रविवारी दुपारी चारनंतर मी मोकळी असते.